डोळ्यावरची वर्तुळं

खारूने हनुवटी यंत्राच्या खाचेत टेकवली, कपाळ वरच्या पट्टीला लावलं, आणि तिच्या उजव्या डोळ्यावर उजेडाची वर्तुळं उमटली. एकात एक, एकात एक, पार बुबुळाच्या मध्यापर्यंत. बाजूच्या स्क्रीनवर तो डोळा ताटलीएवढा मोठा दिसत होता. "पापणी मिटू नकोस हं, मधल्या ठिपक्याकडे बघत राहा," तपासणारी मुलगी म्हणाली. खोलीत अंधार होता. मी भिंतीला टेकून उभी होते, खांद्यावर लेकीची पिशवी, आणि तिच्यातल्या रॅकेटचा दांडा माझ्या बरगडीत टोचत होता. मला बघायचं होतं असं नाही. पण समोर गोल आला की माझी नजर आपोआप त्याच्या कडेवरून फिरायला लागते. इतक्या वर्षांच्या कामाने लागलेली खोड. बाहेरची वर्तुळं ठीक म्हणता आली असती. आत जावं तसा त्यांचा गोलपणा सुटत चालला होता. खालच्या अंगाला रेघा एकमेकींना खेटल्या होत्या, वरच्या अंगाला फाकल्या होत्या, आणि सगळ्यात आतलं वर्तुळ वर्तुळ राहिलंच नव्हतं. गळायच्या बेतात असलेल्या थेंबासारखं ते खाली झुकलं होतं. "कॅमेरा तिरका नाही ना बसलेला?" मी विचारलं. मुलीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "नाही हो. सकाळपासून सगळे पेशंट ह्याच्यावरच झालेत." मग तिने खारूला डावा डोळा पुढे करायला सांगितलं. डाव्या डोळ्यातली वर्तुळं थोडी कमी ओघळली होती, एवढाच फरक. मुलीने चित्र साठवलं आणि म्हणाली, "बाहेर बसा, डॉक्टर बोलावतील."

बाहेरच्या बाकावर खारू मोबाइल नाकाशी धरून काहीतरी वाचत हसत होती आणि मी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाची कड तपासत बसले होते. मी बेअरिंगच्या कड्या करणाऱ्या कारखान्यात काम करते. कड्या मी करत नाही. त्या सरकत्या पट्ट्यावरून येतात, वरचा कॅमेरा प्रत्येकीचा फोटो काढतो, आणि तो फोटो बघून कडी चांगली की खोटी हे ठरवणारा प्रोग्रॅम मी लिहिते. लोकांना वाटतं, गोल ओळखणं म्हणजे काय मोठं, पोरंसुद्धा ओळखतात. पण संगणकाला गोल दिसत नाही, त्याला उजेड आणि अंधार एवढंच दिसतं. जिथे उजेड संपून अंधार सुरू होतो ते ठिपके आधी गोळा करायचे, त्या ठिपक्यांच्या सगळ्यात जवळून जाणारं खरं वर्तुळ काढायचं, त्याचा मध्य धरायचा, आणि मग मध्यापासून एकेक ठिपका किती लांब आहे ते बघत फिरायचं. जिथे अंतर बदललं तिथे खोट. आणि पहिला नियम हा, की खोट दिसली तर आधी दिव्यावर संशय घ्यायचा, मग कॅमेऱ्यावर, आणि सगळ्यात शेवटी कडीवर. मी नियमाप्रमाणे चालले होते. कडीच्या बाबतीत तो नियम पाळताना मी भिंतीवरची घड्याळं तपासत बसत नाही, इतकंच.

डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली नाही, हाताची पाचही बोटं जुळवून खारूच्या पुढे धरली. "डोळ्याचा अगदी पुढचा पारदर्शक पडदा असतो ना, तो चेंडूसारखा गोल असायला हवा. तुझा पातळ होत चाललाय. पातळ झाला की आतल्या दाबाने पुढे येतो, असा, शंकूसारखा. म्हणून तर चष्मे बदलून बदलून काही उपयोग होत नव्हता."

"म्हणजे माझा डोळा टोकदार झालाय?" खारू म्हणाली.

"थोडासा."

"मग तासून घ्या की."

डॉक्टरबाई हसल्या. मग माझ्याकडे बघून त्या हळूहळू, प्रत्येक शब्द वेगळा ठेवत बोलल्या. डोळे अजिबात चोळायचे नाहीत. काही महिन्यांनी पुन्हा फोटो काढायचा, तेव्हा घरच्यांचेही डोळे बघायचे. वाढतंय असं दिसलं तर थांबवायचा उपाय आहे. "पण थांबवायचाच. जे वाकलंय ते सरळ होत नाही, हे आधीच सांगते. मागाहून लोक नाराज होतात." आणि मग, कागदावर काहीतरी खरडत, "घरात कोणाला होतं का असं? तुमच्याकडे, हिच्या वडिलांकडे?" खारूचे वडील तिच्या लहानपणीच आमच्यातून निघून वेगळे राहायला लागले, त्यांची नजर चांगली आहे, फार लांबचं दिसतं त्यांना. "नाही," मी म्हणाले, "कोणालाच नाही." अगदी सहज म्हणाले. मला तसंच वाटत होतं.

बाहेर पडलो तेव्हा दिवे लागायला सुरुवात झाली होती. ऑफिसं सुटलेली, फुटपाथवर माणसांच्या रांगा, आणि बसथांब्यावर नेहमीची चुळबुळ. मी खारूचा हात धरला तर तिने तो सोडवून घेतला. "आई, मी आंधळी झालेली नाहीये." "नाही गं, गर्दी आहे म्हणून." मग समोरच्या सिग्नलकडे बोट दाखवून म्हणाली, "तुला तिथे किती लाल दिवे दिसतात?" "एक." "एकच? खरंच?" तिच्या आवाजात तक्रार नव्हती, निव्वळ नवल होतं. तिला एक नीट दिवा दिसत होता आणि त्याच्याखाली तिरके लोंबणारे आणखी दोन-तीन, फिकट, जसे ओले रंग खाली ओघळावेत. बॅडमिंटनचं शटल यायचं तेही असंच, शेपटासकट. म्हणून तिचे फटके हुकायचे, म्हणून कॉलेजच्या टीममधून तिचं नाव गेलं. आणि आम्हाला, तिच्या सरांना, तिला स्वतःलासुद्धा वाटलं की हिचं लक्ष लागत नाही. "मला वाटायचं सगळ्यांना असंच दिसतं," ती म्हणाली, "आणि बाकीचे लोक त्यातलं खरं कुठलं ते बरोबर ओळखतात." बस आली. खारूने उजव्या हाताची मूठ सैल वळून तिची पुंगळी केली, डोळ्याला लावली, दुसरा डोळा मिटला आणि पुंगळीतून बसचा नंबर वाचला. "आपलीच आहे. चल."

मी जागची हलले नाही. मागच्या माणसाचा धक्का लागला, कोणीतरी "बाई, चढताय की नाही" म्हणालं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. खारूच्या जन्माआधीच माझी आई गेली होती. आणि बसथांब्यावर, दुकानाच्या पाटीखाली, सिनेमाच्या जाहिरातीपुढे मुठीची अशीच पुंगळी डोळ्याला लावून उभी राहिलेली माझी आई मला इतकी स्वच्छ दिसली, की तिच्या पोलक्याच्या बाहीची उसवलेली शिवणसुद्धा मी मोजून दाखवली असती.

आईला काहीच नीट जमत नसे. म्हणजे आमच्या घरात तसं धरून चालत. कप ती टेबलाच्या काठावर ठेवायची आणि तो अर्धा बाहेर राहायचा. सुईत दोरा ओवायला माझ्याकडे द्यायची. ओळखीच्या बायकांसमोरून न बघता निघून जायची आणि अनोळखी बाईकडे बघून तोंड भरून हसायची. बायका म्हणायच्या, फार शिष्ट आहे. जिना उतरताना एक हात भिंतीवरून घासत न्यायची, त्यामुळे भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर एक मळकट पट्टा उमटायचा आणि बाबा दर वर्षी ब्रश घेऊन तेवढाच पट्टा रंगवायचे, तिला ऐकू जाईल असं काहीतरी पुटपुटत. बाबा पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नकाशे काढायचे. कुठल्या रस्त्याखालून कुठला नळ गेला आहे हे केसाएवढ्या रेघेत दाखवणारा माणूस. त्यांच्या टेबलावर पेन्सिली उंचीप्रमाणे लावलेल्या असत. त्यांच्या घरात ही बाई. ते कधी हात उगारणारे नव्हते, आवाजही चढवत नसत. ते थट्टा करत, 'धांदरट' म्हणत. आई स्वयंपाकघरातून काही घेऊन यायला लागली की ते पाय जवळ घेऊन म्हणायचे, "सरका, आंधळी कोशिंबीर आली." आम्ही हसायचो. आईही हसायची. तिचं हसणं आठवलं की आजही वाटतं, तिला खरंच त्यात गंमत वाटत असावी. एकदा गच्चीत बसलो असताना ती वर बघून म्हणाली, "चंद्राला पिल्लं झालीत आज." बाबांनी कपाळाला हात लावला. मला ते वाक्य इतकं आवडलं होतं की मी शाळेत निबंधात घातलं, आणि बाईंनी त्याखाली रेघ ओढून 'छान कल्पना' असं लिहिलं होतं. कल्पना. ती बिचारी जे दिसतंय ते सांगत होती. शेवटी ती जिन्यातच पडली. खालच्या पायऱ्यांवर, भरदुपारी, हातात काही नसताना. खुबा मोडला, अंथरुणाला खिळली, मग छातीत कफ झाला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला बाबा दारातच सांगायचे, "पायाखाली बघायचं नाही, दुसरं काय." तेव्हा ते रडत होते. रडता रडता सांगत होते.

बसमध्ये खारू खिडकीशी बसली आणि तिने डोळे चोळायला हात वर नेला. मी तो मध्येच धरला. आमचे दोघींचे हात तसेच तिच्या मांडीवर पडून राहिले.

बाबा आता आमच्याकडेच राहतात. दार त्यांनीच उघडलं. "काय म्हणाले?" "थोडा नंबर वाकडा आहे," मी म्हणाले. "वाकडा नंबर म्हणजे?" त्यांना अर्धवट सांगितलेलं कधी चालत नाही. मग खारूनेच सोफ्यावर पाय घेऊन सगळं सांगितलं, बोटांचा शंकू करून, तासायच्या विनोदासकट. बाबा उभ्या उभ्या ऐकत होते. दिवे कसे ओघळतात ते तिने सांगितलं तेव्हा मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेले. मला त्यांचा चेहरा बघायचा नव्हता, आणि त्यांनी माझा बघावा असंही वाटत नव्हतं. आतून ऐकलं तर ते खारूला एवढंच विचारत होते, "दुखतं का?" "नाही हो आजोबा. दुखत असतं तर आधीच कळलं असतं की."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात मी खारूच्या उजव्या डोळ्याचं चित्र उघडलं. तपासणाऱ्या मुलीकडून मी ते मोबाइलवर मागून घेतलं होतं. आमच्याकडे एक युक्ती आहे: गोलाचा मध्य धरून तो उलगडायचा. म्हणजे कणकेची कडी एका जागी कापून सरळ लांब करावी तसं. कडी खरी गोल असेल तर उलगडल्यावर सरळ रेघ मिळते, शिसपेन्सिलीने पट्टी धरून ओढावी अशी. खोटी असेल तर रेघेला लाट येते. लाट डोळ्याला चटकन दिसते, गोलातली खोट दिसत नाही. मी खारूची वर्तुळं एकामागून एक उलगडली. स्क्रीनभर लाटा पसरल्या, एकाखाली एक, एकाच जागी उठणाऱ्या. मी त्या बघत बसले. वाटलं होतं, मोजलं की भीती कमी होईल. माझ्या बाबतीत नेहमी असंच होत आलं आहे. तेवढ्यात भिंग माझ्या मागे येऊन उभा राहिला. हा आमचा दिवे लावणारा. कडीवर कुठल्या बाजूने उजेड टाकला की ओरखडा दिसेल हे तो ठरवतो, आणि गळ्यात कायम भिंग अडकवलेलं असतं म्हणून सगळे त्याला भिंगच म्हणतात. चहाचा कप हातात घेऊन त्याने स्क्रीनकडे पाहिलं. "बाप रे. हा कुठला माल आला? अख्खी बॅच अशीच असेल तर परत पाठव सरळ." मी म्हणाले, "बॅच नाही." "मग?" "एकच आहे." "मग एवढं काय बघतेस, टाक लाल पेटीत." आणि तो चहा पीत पुढे गेला. त्याची काही चूक नव्हती. मी दिवसातून कितीतरी वेळा हेच करते. लाल पेटी माझ्या टेबलापासून दिसते. पट्ट्यावरची खोटी कडी तिथे आली की हवेचा एक बारीक झोत तिला ढकलतो, आणि ती पेटीत पडताना नेहमी तोच आवाज होतो, घुंगरू तुटून पडल्यासारखा. त्या दिवशी मी कानात हेडफोन घालून बसले आणि गाणं मात्र लावलं नाही.

पुन्हा फोटो काढायची वेळ येईपर्यंत घरात एक विचित्र पहारा सुरू झाला. खारू झोपेत डोळे चोळते का हे मी बघत असे, आणि मी बघते हे बाबा बघत. मला सारखं वाटे की बाबांना कळलेलं नाही. आणि लगेच वाटे, केसाएवढ्या रेघा ओढणाऱ्या माणसाला कळणार नाही कसं? त्यांना सांगावं का? सांगून कोणाचं काय भलं होणार होतं? आई तर गेली. आणि तरी, भाजी चिरताना, लिफ्टची वाट बघताना, मनात एक वाक्य तयार होऊन जिभेपर्यंत यायचं: बाबा, आई धांदरट नव्हती. एवढंच. ते तयार व्हायचं आणि मी गिळून टाकायचे. समोर ते खारूचा टॉवेल वाळत घालताना त्याची कड दोरीला समांतर करत असायचे.

दुसऱ्या खेपेला बाबा स्वतःहून निघाले. "मीही येतो. घरच्यांचे डोळे बघायचे म्हणाल्यात ना त्या?" हे त्यांना खारूने सांगितलं असणार, मी नव्हतं सांगितलं. इस्त्रीचा शर्ट घालून ते दवाखान्याच्या बाकावर ताठ बसले. आधी खारूचा फोटो झाला. मग माझा. स्क्रीन बाजूला होती आणि मान हलवायची नव्हती त्यामुळे मला दिसली नाही, पण मुलीचा हात बटणावर क्षणभर थांबलेला जाणवला. मग बाबांचा. अंधारात त्यांच्या म्हाताऱ्या, थोड्या पिवळट डोळ्यावर वर्तुळं उमटली, आणि मी पाहिलं: सगळ्यात आतल्यापासून सगळ्यात बाहेरच्यापर्यंत, एकात एक, अगदी गोल. उलगडायची गरज नव्हती.

डॉक्टरबाईंनी खारूचं सांगितलं: वाढलंय, दोन्ही डोळ्यांत, आता थांबून चालणार नाही. माझं सांगितलं: मलाही आहे, अगदी किंचित, कधीच थांबलेलं, तपासलं नसतं तर जन्मभर कळलं नसतं. "आणि आजोबा, तुमचे डोळे म्हणजे नमुना आहेत. या वयात इतके स्वच्छ गोल." कौतुकानेच म्हणाल्या त्या. बाबांनी विचारलं, "म्हणजे माझ्याकडून नाही आलेलं." "तसं खात्रीने सांगता येत नाही. पण बहुतेक दुसऱ्या बाजूने असावं. तुमच्या मिसेसना काही त्रास होता का डोळ्यांचा?" खोलीत पंख्याचा आवाज होता. मी खारूच्या पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत होते. बाबा म्हणाले, "होता असणार." आणि मग, डॉक्टरबाई खारूला उपाय समजावून सांगत असताना, त्यांनी खिशातून रुमाल काढला, उलगडला, पुन्हा त्याच घड्यांवर घातला आणि खिशात ठेवला. परतताना आम्ही पुढे झालो. ते डॉक्टरबाईंशी काहीतरी बोलायला मागे राहिले. मला वाटलं, पुढची तारीख विचारत असतील.

उपाय झाला तो दिवस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. डोळ्यावरची वरची नाजूक साल काढतात, मग पिवळे थेंब घालत राहतात आणि वरून जांभळा उजेड सोडतात. त्या उजेडाने पातळ पडदा आतून घट्ट होतो. माझं आयुष्य उजेडाशीच चाललेलं, पण उजेडाने काही दुरुस्त होतं हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. बाहेर आली तेव्हा खारू विनोद करत नव्हती. तिने माझं मनगट धरलं ते घरी येईपर्यंत सोडलं नाही. दोन्ही डोळे एकदम केल्यामुळे काही दिवस तिला ते उघडवणारच नव्हते. पाणी वाहायचं, पापणी जरा किलकिली झाली की उजेड सुयांसारखा आत घुसायचा. आम्ही पडदे ओढून घेतले. घर दिवसाढवळ्या मातकट अंधाराने भरून गेलं.

मी रजा घेतली होती, पण माझी गरजच पडली नाही. बाबा तिच्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसले ते उठेनात. ती अंथरुणातून उठली की ते उठायचे, तिचा हात आपल्या कोपरावर ठेवून घ्यायचे आणि चालायला लागायचे. "आता उंबरा आहे. बारीकसा. उचल पाय. हां. डावीकडे टेबलाचा कोपरा येईल, मी मध्ये आहे, तू माझ्याकडून ये. आता नळ. हात पुढे कर, अजून, अजून थोडा, हा." नकाशा वाचून दाखवावा तसे ते घर वाचून दाखवत होते. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकायचे. आमच्या घरात इतके कोपरे आणि इतके काठ आहेत हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या लहानपणीच्या घरात याहून जास्त होते. तिथे जिना होता. असं वाटायचं की ते खारूचा हात धरून चालले आहेत, पण तोंडाने जे सांगताहेत ते तिला सांगत नाहीत. आणि मग वाटायचं, हा माझाच खेळ आहे, म्हातारा माणूस नातीला सांभाळतो आहे, त्यात एवढं काय. तरी मला त्यांची माया यायची आणि त्याच वेळी राग यायचा. दोन्ही एकाच जागेतून.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी संध्याकाळी खारूला तहान लागली. मी काही म्हणायच्या आत तिने स्वतःच चाचपत हात पुढे केला आणि स्टुलावरचा पाण्याचा ग्लास उडाला. फुटला नाही, लांब घरंगळत कपाटाला जाऊन आपटला. पाणी बाबांच्या पायांवर, चपलांवर, फरशीभर पसरलं. खारू डोळे मिटून तशीच बसून राहिली. "सॉरी, आजोबा. माझं ना, काही धड नाही." मी दारात होते. मी बाबांच्या तोंडाकडे पाहत होते आणि मला माहीत होतं कुठला शब्द येणार; पन्नाशीला टेकले तरी माझे खांदे तो शब्द चुकवायला आपोआप वर झाले होते. शब्द आला नाही. बाबांनी खुर्चीच्या पाठीचा आधार घेतला, आधी एक गुडघा टेकला, मग दुसरा, आणि फडक्याने फरशी पुसायला लागले. "तुझं काही चुकलेलं नाही," ते खाली बघत म्हणाले. "तुला दिसत नव्हतं. ग्लास मी काठावर ठेवला. चूक माझी." खारू म्हणाली, "अहो, एवढं काय त्यात." ते पुसत राहिले. कोरडी झालेली जागासुद्धा पुसत राहिले. शेवटी मी जाऊन त्यांच्या काखेत हात घातला आणि त्यांना उठवलं.

ते माझ्याबरोबर स्वयंपाकघरात आले, ओलं फडकं हातात तसंच. मी ते घेतलं, पिळलं, वाळत टाकलं. पडद्याच्या फटीतून संध्याकाळचा करडा उजेड ओट्यावर पडला होता. ते स्टुलावर बसले. मी चहाला आधण ठेवलं.

"हे तेव्हा कळलं असतं का गं?" त्यांनी विचारलं.

मी मागे वळले नाही. कळलं असतं हे मला माहीत होतं. मी सगळं वाचून काढलं होतं. पण म्हणाले, "नाही, बाबा. ही सगळी अलीकडची यंत्रं. तेव्हा कुठे होतं असलं काही."

"होतं," ते म्हणाले. "मी विचारलं डॉक्टरांना. हातात धरायची तबकडी असायची, काळ्यापांढऱ्या वर्तुळांची. मधल्या भोकातून डोळ्यात बघायचे. शंभर वर्षांपासून आहे म्हणे. आणि कडक काचाही मिळायच्या तेव्हा, डोळ्यात घालायच्या. त्यांनी सरळ दिसायचं." ते थांबले. "आपल्या जुन्या घराच्या कोपऱ्यावर डोळ्यांचा दवाखाना होता. मी रोज त्याच्यावरून ऑफिसला जायचो."

मी गॅस बारीक केला. मनात इतके महिने घोळवलेलं वाक्य आता कोणाच्याच उपयोगाचं नव्हतं, ते त्यांनी माझ्याआधीच कुठेतरी एकट्याने वाचलं होतं.

"तिने सांगितलं होतं मला," बाबा म्हणाले. "लग्नानंतर लगेच. जेवायला बसलो होतो. माझ्याकडे बघून म्हणाली, तुम्ही मला दोन दिसता. एक असे, आणि एक जरा खाली, पुसट." त्यांनी हाताने हवेत दाखवलं, आपल्या चेहऱ्याच्या खाली. "मला वाटलं, नवी नवरी आहे, लाडात येऊन काहीतरी बोलते आहे. मी म्हटलं, एकच सांभाळ, पुष्कळ झालं." ते हसल्यासारखे झाले आणि ते हसू तसंच त्यांच्या तोंडावर राहून गेलं, पुसायचं विसरल्यासारखं. "हसली तीही. मग परत कधी बोलली नाही."

पाणी उकळत होतं. मी त्यात पत्ती टाकायची विसरले होते.

पुढे खारूचं बरं झालं. म्हणजे थांबलं, डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं त्याहून जास्त काही नाही. ती आता कडक लेन्स घालते, त्या टोचतात म्हणून कुरकुरते, बॅडमिंटन तिने सोडलं ते सोडलंच. पण त्या संध्याकाळी यातलं काही माहीत नव्हतं. आतून तिचा आवाज आला, "आजोबा?" आणि पलंग करकरला. बाबा स्टुलावरून उठायची घाई करायला लागले. त्यांचे गुडघे अजून ओले होते. "थांब, उठू नकोस," ते मोठ्याने म्हणाले, "मी येईपर्यंत उठू नकोस," आणि माझ्याकडे न बघता, हात भिंतीला लावत, अंधाऱ्या खोलीकडे गेले.